एमआरआय ‘नॉर्मल’ आणि चक्कर मात्र रोजची

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या मार्चमध्ये पहाटे कूस बदलताना अचानक खोली गरगर फिरली आणि उलट्या झाल्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानातले खडे सरकल्याचे निदान केले, डोके ठरावीक पद्धतीने फिरवून उपचार केला आणि ते गरगरणे थांबले. त्यानंतर आज आठ महिने झाले, तरी उभी राहिले की होडीत उभे असल्यासारखे वाटते. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मुले धावू लागली, बाजारात गेले किंवा मोबाइलवर बोट फिरवून भराभर मजकूर पाहिला, की त्रास वाढतो. आडवे झाले की बरे वाटते. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली म्हणून पट्टा मिळाला. चक्करेच्या गोळ्या तेव्हापासून चालू आहेत. सासूबाई पित्त म्हणतात. शिकवण्यात रंगले की चक्कर विसरते, हे यजमानांनी पाहिले आहे, त्यामुळे हे सारे मनाचे आहे असे त्यांचे मत झाले आहे. दीर्घकाळ चक्कर असणाऱ्यांच्या मेंदूची सक्रियता वेगळी दिसते, असे मी नुकतेच वाचले. म्हणजे माझ्या मेंदूला इजा झाली आहे का? ते दाखवणारा फंक्शनल एमआरआय मी करून घ्यावा का? आणि स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या वर्णनावरून मेंदूला इजा झाल्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही, आणि आपल्याला होणारा त्रासही पूर्णपणे खरा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्याला आजवर कोणी शांतपणे समजावून सांगितले नसावे; म्हणूनच एमआरआयचा अहवाल हाती येऊनही आपल्याला दिलासा मिळाला नाही आणि घरच्यांना मात्र शंका घ्यायला आधार मिळाला. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताने मृत झालेला भाग यांसारखे बदल त्यात दिसतात. मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी कशा प्रकारे काम करतात, हे त्या चित्रात उमटत नाही, आणि आपला प्रश्न बहुधा तेथेच आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. तरीही आपण लिहिलेली लक्षणे एका विशिष्ट विकाराशी फार जवळून जुळतात. त्याचे नाव ‘पर्सिस्टंट पोश्चरल-परसेप्च्युअल डिझिनेस’, आणि डॉक्टर त्याचा उल्लेख थोडक्यात ‘पीपीपीडी’ असा करतात. तोल आणि चक्कर यांचा अभ्यास करणाऱ्या ‘बारानी सोसायटी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याचे निकष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणातही त्याला स्थान मिळाले. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवशी, गरगरण्याऐवजी डुलल्यासारखे किंवा अस्थिर वाटणे; उभे राहिल्याने, स्वतःच्या हालचालीने आणि डोळ्यांसमोरच्या हलत्या किंवा गजबजलेल्या दृश्याने ते वाढणे; कानाच्या विकारासारख्या एखाद्या प्रसंगानंतर त्याची सुरुवात होणे; रोजच्या आयुष्यात अडथळा येणे; आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने या त्रासाचा अधिक चांगला उलगडा न होणे, असे ते निकष आहेत. नाव नवे असले तरी रुग्ण नवे नाहीत. म्युनिकचे थॉमस ब्रांट आणि मारियान डीटरिश यांनी अशाच रुग्णांचे वर्णन १९८६ मध्ये वेगळ्या नावाने केले होते. आपल्याकडे मात्र अशा रुग्णाला मान, पित्त, अशक्तपणा आणि शेवटी ‘टेन्शन’ या चार थांब्यांवरून फिरवले जाते, आणि त्यात महिने, कधी वर्षे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मेंदूकडे वळू. आपण उभे आहोत की कललो आहोत, स्थिर आहोत की हलतो आहोत, हे मेंदू तीन ठिकाणांहून आलेल्या माहितीवरून ठरवतो. आंतरकर्णातील तोलाचे अवयव डोक्याची हालचाल व गुरुत्वाकर्षणाची दिशा कळवतात, डोळे भोवतालचे दृश्य कळवतात, आणि पाय, सांधे, मान येथील संवेदना शरीराची स्थिती कळवतात. ही माहिती प्रथम मस्तिष्कस्तंभ व लहान मेंदूत एकत्र येते आणि पुढे मोठ्या मेंदूच्या निरनिराळ्या भागांत पोहोचते. त्यांपैकी एक महत्त्वाचा भाग कानाच्या वरच्या बाजूस, मेंदूच्या खोल घडीत, इन्सुला नावाच्या क्षेत्राच्या मागील टोकाशी आहे. दृष्टीसाठी डोक्याच्या मागील बाजूस जसे एक ठळक क्षेत्र आहे, तसे केवळ तोलासाठी राखून ठेवलेले क्षेत्र मेंदूत नाही. इन्सुलाच्या आसपासचा हा भाग तोलाबरोबर स्पर्श आणि दृश्य यांचीही माहिती घेतो, आणि त्याच्या शेजारचे भाग शरीराच्या आतील जाणिवा आणि भीती यांच्याशी संबंधित आहेत. चक्कर आली की पोटात कालवते आणि घाबरायला होते, याचे एक कारण या शेजारात आहे.

मार्चमधल्या त्या पहाटे आपल्या कानातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले असावेत, आणि कूस बदलताच त्या कानाने मेंदूला खोटी माहिती पाठवली. अशा वेळी मेंदूने जे करायला हवे तेच आपल्या मेंदूने केले. त्याने कानावरचा भरवसा कमी केला, डोळ्यांवरचा वाढवला, शरीराचे स्नायू आवळून घेतले आणि प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. शेवाळलेल्या पायरीवरून एकदा घसरलेला माणूस त्या पायरीवर जपून, अंग ताठ करून, नजर खाली लावून उतरतो, ते शहाणपणाचेच असते. कोरड्या फरशीवरही तो तसाच चालत राहिला, तर मात्र तेच शहाणपण त्याला थकवते. खडे जागेवर गेले, कान पूर्ववत झाला, पण आपल्या मेंदूने आणीबाणीचा कारभार मागे घेतला नाही. पीपीपीडीचे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण हेच आहे.

हे केवळ तर्काने रचलेले स्पष्टीकरण नाही. अशा रुग्णांना तोल मोजणाऱ्या फळीवर उभे करून पाहिले, तेव्हा साध्या, सपाट जागी उभे असताना त्यांच्या पायांचे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आवळलेले आढळले, म्हणजे निरोगी माणूस अवघड जागीच जी पद्धत वापरतो ती हे रुग्ण सोप्या जागीही वापरत होते. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे दिसली. कसोटी जसजशी अवघड करत नेली, तसतसा रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यातला फरक कमी होत गेला. आणि रुग्णांना उभे असतानाच दुसऱ्या एखाद्या बौद्धिक कामात गुंतवले, तेव्हा त्यांचा तोल सुधारला. आपले यजमान जे पाहतात ते हेच आहे. वर्गात व्याकरण शिकवताना आपले लक्ष स्वतःच्या तोलावरून उठते, तोल सांभाळण्याचे काम मेंदूच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेकडे परत जाते आणि ती यंत्रणा शाबूत असल्यामुळे ते काम नीट करते. म्हणून शिकवताना बरे वाटणे हे ढोंगाचे लक्षण मुळीच नाही. या विकाराचे ते ओळखीचे वैशिष्ट्य आहे, आणि बरे होण्याच्या दृष्टीने फार आशादायक आहे. कृपया हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा.

आपण वाचलेल्या मेंदूच्या सक्रियतेविषयी आता सविस्तर लिहितो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तेथे प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो, त्यामुळे चुंबकीय संकेतात अगदी किंचित फरक पडतो आणि फंक्शनल एमआरआय तो फरक टिपतो. निरोगी माणसांमध्ये कान आणि डोळे यांच्या क्षेत्रांत एक प्रकारची देवाणघेवाण असते, हे ब्रांट यांच्या गटाने १९९८ मध्ये दुसऱ्या एका तंत्राने, पेट स्कॅनने, दाखवले होते. हलते दृश्य पाहून आपणच फिरत आहोत असे वाटू लागते, तेव्हा दृष्टीची क्षेत्रे अधिक सक्रिय होतात आणि त्याच वेळी तोलाच्या क्षेत्राची सक्रियता उतरते. शेजारची गाडी सुटली असता आपलीच गाडी निघाली असे क्षणभर वाटते, त्या वेळी मेंदूत काहीसे असेच घडते. पीपीपीडीच्या रुग्णांमध्ये हा समतोल दृष्टीच्या बाजूला झुकलेला असावा, असे अनेक अभ्यास सुचवतात. इटलीतील संशोधकांनी आवाजाच्या लहान ठोक्यांनी तोलाच्या अवयवांना चेतवून पाहिले, तेव्हा दीर्घकाळ चक्कर असलेल्या रुग्णांमध्ये इन्सुलाच्या आसपासचा भाग, स्मृती व दिशाज्ञान यांच्याशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि भावनांचे नियमन करणारे काही भाग निरोगी माणसांपेक्षा कमी सक्रिय झाले, आणि या भागांचा आपसांतला मेळही बदललेला दिसला. त्याच संशोधकांनी पुढे रुग्णांना रोलर कोस्टरमधून जात असल्याचे आभासी दृश्य दाखवले. ज्या रुग्णांचे दैनंदिन जीवन चक्करेमुळे अधिक अडलेले होते, त्यांच्या दृष्टीच्या क्षेत्रांत अधिक सक्रियता आढळली. धावणारी मुले, बाजारातली गर्दी आणि मोबाइलवरचा सरकता मजकूर आपल्याला का सोसत नाही, याचे उत्तर या निष्कर्षांत सापडते. तोलासाठी ज्या दृष्टीवर मेंदू अवाजवी विसंबला आहे, तिच्यासमोर काहीही स्थिर उरले नाही की त्याचा आधारच हलतो.

हे वाचून ‘म्हणजे मेंदू बिघडला’ असा निष्कर्ष आपण काढू नये. या अभ्यासांतील रुग्णांची संख्या लहान आहे, निरनिराळ्या अभ्यासांचे निकाल प्रत्येक वेळी जुळत नाहीत, आणि चिंता व नैराश्य यांचा प्रभाव हिशेबातून वेगळा काढला की काही अभ्यासांतले काही फरक पुसट होतात. शिवाय स्कॅनरमध्ये रुग्णाला डोके स्थिर ठेवून आडवे झोपावे लागते. आपल्याला त्रास होतो तो उभे राहिल्यावर, आणि आडवे झाल्यावर तो शमतो; म्हणजे ज्या स्थितीत विकार सर्वांत प्रबळ असतो त्या स्थितीतला मेंदू या यंत्राला पाहताच येत नाही. रंगीत ठिपक्यांची ती चित्रे बहुधा एका गटाच्या सरासरीची दुसऱ्या गटाच्या सरासरीशी केलेली तुलना असतात. त्यांवरून एका व्यक्तीचे निदान होत नाही आणि उपचारही ठरत नाही. म्हणून आपण फंक्शनल एमआरआय करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच पैसा आणि वेळ तोलाच्या व्यायामांत प्रशिक्षित असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे खर्च करावा. या अभ्यासांतून आपल्या उपयोगाची गोष्ट एवढीच घ्यावी, की दिसलेले फरक मेंदूच्या कामाच्या पद्धतीतले आहेत, आणि मेंदू आपली कामाची पद्धत सरावाने बदलू शकतो.

‘मनाचे’ या शब्दाने आपण दुखावला आहात, हे पत्रातून जाणवते. तरीही चिंतेचा या आजाराशी काहीच संबंध नाही, असे मी आपल्याला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. स्वभावतः काळजी करणाऱ्या व्यक्तींना हा विकार जडण्याची शक्यता अधिक असते, आणि पहिल्या झटक्यानंतर ‘पुन्हा तसे होईल का’ या भीतीने स्वतःवर सतत पहारा ठेवणाऱ्यांमध्ये तो अधिक टिकतो. परंतु चिंता अजिबात नसलेल्या कितीतरी व्यक्तींनाही तो होतो. भीती आणि तोल यांची मेंदूतील क्षेत्रे इतकी जवळ आणि इतकी जोडलेली आहेत, की एकाला ‘शरीराचे’ आणि दुसऱ्याला ‘मनाचे’ म्हणून वेगळे काढण्याने उपचाराला काडीचीही मदत होत नाही.

उपचार सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी पुन्हा तपासून घ्याव्यात. खडे सरकण्याचा विकार उलटू शकतो, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून डिक्स-हॉलपाइक चाचणी, म्हणजे डोके एका बाजूला वळवून पटकन आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहण्याची तपासणी, पुन्हा करून घ्यावी. कुशीवर वळताना आजही क्षणभर गरगरत असेल तर हे सर्वांत आधी करावे. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब मोजावा. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड पाहावे. आपल्याला पूर्वी अर्धशिशी होती का, किंवा चक्करेबरोबर प्रकाश व आवाज नकोसे होतात का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अर्धशिशीची चक्कर आपल्या वयात स्त्रियांमध्ये बरीच आढळते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

मानेच्या पट्ट्याविषयी मला विशेष काळजी वाटते. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये थोडीफार झीज कितीतरी निरोगी माणसांतही दिसते, आणि ती दिसली म्हणजे चक्करेचे कारण सापडले, असे होत नाही. पट्ट्यामुळे डोके हलणे थांबते, आणि कानावर पुन्हा भरवसा ठेवायला शिकण्यासाठी मेंदूला डोक्याच्या हालचालींचीच गरज असते. हातात मुंग्या, बधिरता किंवा कमजोरी यांसारखे दुसरे कारण नसेल, तर तो कधी काढता येईल हे अस्थिरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. गोळ्यांचेही तसेच आहे. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन ही औषधे गरगरण्याच्या पहिल्या काही दिवसांत उपयुक्त असतात. महिनोन्‌महिने घेतली तर मेंदूचे जुळवून घेण्याचे काम मंदावते, सुस्ती येते, आणि विशेषतः वाढत्या वयात कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. आपल्या गोळीचे नाव पत्रात नाही. ती आपल्या मनाने एकाएकी बंद न करता, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना दाखवून तिची आता गरज आहे का, हे ठरवून घ्यावे.

मुख्य उपचार म्हणजे तोलाचे पुनर्वसन. डोके वळवतानाही एका अक्षरावर नजर स्थिर ठेवणे, मऊ पृष्ठभागावर उभे राहणे, चालताना डावीउजवीकडे पाहणे, आणि हलत्या दृश्यांची सवय थोडी थोडी वाढवणे, असे त्याचे स्वरूप असते. अशा व्यायामांची परंपरा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी सुरू केली. पीपीपीडीमध्ये मात्र ते कमी मात्रेपासून आणि हळू वाढवावे लागतात. व्यायामानंतर चक्कर थोडी वाढून अर्ध्या-पाऊण तासात पूर्वपदावर आली, तर मात्रा योग्य आहे. दिवसभर रेंगाळली तर ती जास्त झाली, आणि ती निम्मी करावी. पहिल्याच आठवड्यात ईर्ष्येने जास्त व्यायाम करून, दोन दिवस अंथरुणाला खिळून, मग सारेच सोडून देणे हा या उपचारातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि कष्टाळू माणसेच त्यात अधिक सापडतात. चालताना स्वतःला ‘आता तोल जातोय का’ असे विचारत राहण्याऐवजी पाढे म्हणावेत, कविता आठवावी, सोबतीच्या माणसाशी बोलावे. भिंतीला हात लावून चालण्याची सवय लागली असेल, तर ती हळूहळू सोडावी.

काही रुग्णांना सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रॅमसारखी नैराश्यावरची औषधे अल्प मात्रेत देतात. नैराश्य नसतानाही ती दिली जातात, म्हणून चिठ्ठी पाहून गैरसमज करून घेऊ नये. मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचा आधार त्यांना अद्याप अपुराच आहे. अनेक तज्ज्ञांचा अनुभव मात्र अनुकूल आहे, आणि परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. भीतीमुळे बाहेर जाणे टाळले जात असेल, तर वर्तन व विचार यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती व्यायामांच्या जोडीला उपयोगी पडते. ती लवकर सुरू झालेली चांगली.

यापुढे कधी एकाएकी दुहेरी दिसू लागले, बोलणे अडखळले, चेहरा किंवा हातपाय लुळा पडला, आधाराशिवाय उभेच राहता येईना, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी झाली, शुद्ध हरपली किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर तो हा आजार समजून घरी थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आज तरी करू नये. दिवसातला जो काळ आपल्या मेंदूला सर्वांत चांगला जातो, तो आपण वर्गात घालवता, आणि फळ्याकडून मुलांकडे व मुलांकडून फळ्याकडे वळणे हाही एक व्यायामच आहे. घरी बसल्यावर स्वतःच्या तोलाकडे लक्ष देण्याखेरीज दुसरे काम उरत नाही, आणि हा आजार त्यावरच पोसतो. त्याऐवजी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करून पुढील दोन महिने मधल्या सुट्टीतल्या व्हरांड्याच्या देखरेखीतून सवलत मागावी, शक्य असेल तर तळमजल्यावरचा वर्ग घ्यावा आणि सलग तासांमध्ये पाच मिनिटे बसायला मिळेल अशी व्यवस्था करून घ्यावी. व्यायाम अंगवळणी पडल्यावर व्हरांड्याच्या एका टोकाला, पाठीशी भिंत ठेवून, सुट्टीची पहिली दोन मिनिटे उभे राहण्यापासून सुरुवात करावी; ती सोसू लागली की पाच करावीत, आणि मगच भिंतीपासून पुढे सरकावे.